नोरीनचं नाक आणि माझी पेल एल

गेल्या हिवाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि माझ्या बायकोचं नाक गेलं. चेहऱ्यावरचं नाक जागच्या जागी आहे, आणि चांगलं सरळ, चारचौघांत उठून दिसणारं आहे. गेला तो वास. ताप उतरला, खोकला थांबला, ती घरात हिंडूफिरू लागली आणि एका सकाळी कॉफीचा कप हातात धरून म्हणाली, "अल्विन, यात कॉफी घातलीयस ना?"

घातली होती. आजारातून उठलेलं माणूस म्हणून चमचाभर जास्तच घातली होती. तिनं कप पुन्हा नाकाशी नेला, मग टेबलावर ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसली. डॉक्टर म्हणाले, येईल परत, कदाचित वसंतात. वसंत आला, कुंपणावरचा वेल फुलला, वसंत गेला. वास आला नाही.

माझा वास गेला असता तर घरात कुणाला पत्ताही लागला नसता. मी इथल्या नगर परिषदेत सांडपाणी खात्यात अधिकारी आहे. आमच्या खात्यात असा माणूस मिळाला तर त्याला बढतीच देतील. पण नोरीन बिअर बनवते. आमच्या गॅरेजमध्ये गाडी अशी कधी गेलीच नाही. तिथं तिचा स्टीलचा भला मोठा टोप आहे, आंबवायची पिंपं आहेत, नळ्या आहेत, तराजू आहे. दिवसा ती गावातलं औषधाचं दुकान सांभाळते, त्यामुळे माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, आणि पाणी ती औषधासारखं मोजून घेते. हॉप्स मात्र नाकानं घालते. म्हणजे घालायची. त्या हिरव्या, कागदी पाकळ्यांच्या फुलांची मूठ घ्यायची, तळहातांवर चोळायची, डोळे मिटून हुंगायची आणि म्हणायची, "अजून अर्धी मूठ." तिची पेल एल, म्हणजे फिक्या रंगाची कडवट बिअर, आमच्या डरवेंट नदीच्या खोऱ्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत माहीत होती. या उद्योगात माझ्याकडे दोन खाती होती, बाटल्या धुणं आणि पिणं. दोन्ही मी निष्ठेनं सांभाळली.

नाक गेल्यावर तिनं टोपावर जुनी चादर टाकली. मग एके दिवशी कुंपणाशी उभ्या शेजारच्या मर्व्ह टिपलेडीला ती म्हणाली, "तुला तो टोप आवडायचा ना? शरदातलं गावचं प्रदर्शन झालं की घेऊन जा. पिंपंही ने."

मर्व्ह निवृत्त बसचालक. तोही बिअर बनवतो, म्हणजे डब्यातला काकवीसारखा पाक गरम पाण्यात ओततो, किलोभर साखर लोटतो आणि रंगकामाच्या काठीनं ढवळतो. नोरीनच्या टोपावर त्याचा डोळा होता तो मात्र क्रेफिश, म्हणजे मोठी शेवंडं, उकळण्यासाठी. इतक्या मोठ्या टोपात ते एका दमात, मिशा न मोडता मावतात म्हणे.

त्या टोपात क्रेफिश! मला रात्रीचं जेवण गेलं नाही. नोरीनला ते एरवीही जात नव्हतंच. भिजवलेला कागद चावावा तसं ती सगळं चावायची, मिठाची बाटली उलटी करायची आणि "छान झालंय" म्हणायची. ते "छान झालंय" ऐकवेना, म्हणून मी काटा खाली ठेवून जाहीर केलं, "यंदा पेल एल मी बनवणार."

"तू?" नोरीन म्हणाली. "मग बाटल्या कोण धुणार?"

हा अपमान मी गिळला, कारण माझ्या मनात एक शास्त्रीय विचार पक्का झाला होता. अडलेली वाट जोर लावल्याशिवाय मोकळी होत नाही, हा माझा इतक्या वर्षांचा नोकरीतला अनुभव. नाक म्हणजे तरी काय, एक वाटच. बिचारीला कॉफी आणि गुलाबाच्या किरकोळ वासानं काय होणार? हॉप्सचा असा लोंढा सोडायचा की जे काही आत अडकलं असेल ते वाहून गेलं पाहिजे. नोरीननं हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माझ्या नाकाला तू गटार म्हणालास, एवढं मी लक्षात ठेवते. बाकी तुझं तू बघ."

आता कृती ठरवायची होती. ती मी कुणाकडून शिकावी? घरात तज्ज्ञ होती, पण तिला विचारलं तर माझ्या संकल्पाची शोभा काय राहिली? मी होबार्टला बिअरच्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकानदारानं विचारलं, "हॉप्स कशासाठी हवेत? कडवटपणासाठी की वासासाठी?"

"दोन्हीसाठी."

"आधी काय, मागनं काय?"

"एकदमच," मी म्हणालो.

पावसाच्या पन्हाळीला संडासाची नळी जोडायची परवानगी मागणाऱ्या माणसाकडे मी जसा बघतो, तसा तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं निमूटपणे पाच जातींच्या पाच पिशव्या बांधून दिल्या. त्याच्या चेहऱ्यावर दया होती, हे मला घरी आल्यावर कळलं.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. मर्व्ह कुंपणावर कोपरं टेकून म्हणाला, "हॉप्सबिप्स सगळे नखरे रे. बिअर म्हणजे साखर." कार्यालयात माझ्या हाताखालची ब्रायोनी म्हणाली, "सर, त्यात ग्रेपफ्रूटची साल घालतात आता." ती स्वतः फक्त लिंबूपाणी पिते. मर्व्हची बायको ग्लेनिस प्रदर्शनात बिअर आणि लोणची-मुरांब्यांच्या विभागाची प्रमुख आहे. ती म्हणाली, "अल्विन, तू काहीही कर, पण प्रवेशिका वेळेत भर."

मी सगळ्यांचं ऐकलं आणि माझ्या मनासारखं केलं. चहा जास्त उकळला की अर्क जास्त उतरतो, हे मला ठाऊक होतं. तेव्हा माल्टचा गोड काढा तयार होऊन उकळायला लागला त्याच क्षणी मी पाचही पिशव्या रिकाम्या केल्या आणि वर झाकण ठेवलं, म्हणजे वास बाहेर जायला नको. झाकण ठेवून मी घरात खुर्ची आणायला गेलो. परत आलो तेव्हा झाकण गॅरेजच्या दाराशी पडलं होतं आणि टोपातून हिरवट फेसाचा एक प्राणी बाहेर येत होता. दुसरं नाव मला सुचत नाही. तो आधी शेगडीवर उतरला, मग जमिनीवर, मग फाटकाखालून टिपलेडींच्या शेवंतीच्या वाफ्यात शिरला. मी बादलीनं त्याला अडवू बघत होतो. कुंपणापलीकडून मर्व्ह म्हणाला, "साखर घातली असतीस तर असं झालं नसतं."

उरलेला काढा मी पिंपात भरला. टोपाच्या तळाशी हॉप्सचा लगदा राहिला होता, ओल्या शेणासारखा. तो मी कपडे धुण्याच्या मोरीत ओतला, वरून पाणी सोडलं आणि एका कष्टाच्या दिवसाचा शेवट केला.

दुसऱ्या दिवशी टिपलेडींच्या न्हाणीघरात पाणी तुंबलं. मग पलीकडच्या घरात. मग कोपऱ्यावरच्या बेकरीत. आमच्या खात्याची गाडी आली, आणि जे दोघं कामगार एरवी माझ्यासमोर टोपी काढतात ते आमच्या मोरीशी वाकून म्हणाले, "सर, जरा बाजूला व्हाल का?" सळईला लागून लगद्याचा एक एक गोळा बाहेर येत होता. गल्लीतले लोक बघायला जमले होते. त्यातल्या एका बाईला मीच मागे सिंकमध्ये चरबी ओतल्याबद्दल चारचौघांत सुनावलं होतं. ती घरून खुर्ची घेऊन आली होती.

नोटीसही आली. "निष्काळजी घरमालकाने वनस्पतिजन्य गाळ सार्वजनिक वाहिनीत सोडून नागरिकांच्या आरोग्यास बाधा आणल्याचे निदर्शनास आले आहे." ही भाषा माझी. मी खात्यात नवीन होतो तेव्हा मोठ्या अभिमानानं हा मसुदा लिहिला होता, आणि "निष्काळजी" हा शब्द साहेबांशी भांडून ठेवून घेतला होता. खाली ब्रायोनीची सही होती. दुसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाली, "सर, तुम्हीच शिकवलंत ना, ओळखीचा माणूस असला तरी सोडायचं नाही म्हणून?" मी तिला शाबासकी दिली. दुसरं काय करणार?

इथं खरं तर एखाद्या समजूतदार माणसानं थांबायला हवं होतं. पण पिंपात बिअर आंबत होती आणि ती बाटल्यांत भरणं भाग होतं. बुडबुडे यावेत म्हणून प्रत्येक बाटलीत चिमूटभर साखर घालतात. मर्व्ह म्हणाला, "चिमटीनं काय होतंय? चमचा घाल." इतक्या संकटांत त्याचा सल्ला एकदाही घेतला नव्हता, म्हणून त्याचं मन राखावं असं वाटलं. शेजारधर्माची किंमत काय असते ते मग एका रविवारी दुपारी कळलं. टिपलेडी पतीपत्नी आमच्याकडे जेवायला होते, ग्लेनिस पुडिंग वाढून घेत होती आणि गॅरेजमध्ये पहिली बाटली फुटली. मर्व्ह म्हणाला, "बंदुकीनं वॉलबी मारतंय वाटतं कुणी." वॉलबी म्हणजे छोटं कांगारू. मग दुसरी फुटली. मग मोजायचं कारणच उरलं नाही. ग्लेनिस टेबलाखाली गेली, आणि पुडिंगची वाटी मात्र तिनं आडवी होऊ दिली नाही. नोरीन शांतपणे खात होती. आवाज थांबल्यावर म्हणाली, "संपल्या का रे, की राहिल्यात काही?"

कोपऱ्यात एक वाचली होती. टिपलेडी गेल्यावर मी ती ओल्या टॉवेलात गुंडाळून, तोंड फिरवून उघडली आणि एका ग्लासात ओतली. रंग गाळलेल्या चहासारखा. मी एक घोट घेतला आणि माझी जीभ टाळूला चिकटली. मी ग्लास मोरीकडे न्यायला लागलो, तर नोरीननं हात पुढे केला.

"नको," मी म्हणालो, "फार कडू आहे."

तिनं घोट घेतला. पुन्हा घेतला, मोठा.

"कडू आहे," ती म्हणाली.

"मी म्हटलंच. चुकलं माझं..."

"अल्विन, ऐक ना. कडू आहे. मला कळतंय!" ग्लास तिनं दोन्ही हातांत धरला होता. "कधीपासून मी जे तोंडात घालते ते काहीच लागत नाही मला. आणि हे कडू लागतंय. जिभेच्या मागं, दोन्ही बाजूंनी. अजून जात नाहीये." तिचे डोळे भरले होते, आणि ते कडवटपणानं की कशानं, ते मला सांगता येणार नाही. मग तिच्यातली दुकानदारीण जागी झाली. "हॉप्स सगळे सुरुवातीलाच टाकलेस ना?"

"हो."

"आणि तासभर उकळलेस."

"झाकण ठेवून," मी म्हणालो. तेवढीच माझी बाजू.

"अरे, उकळलं की कडवटपणा उतरतो, आणि वास असतो तो वाफेबरोबर जातो. तू पाच पिशव्यांचा वास मर्व्हच्या शेवंतीला दिलास." आणि ती हसली. आजारानंतर पहिल्यांदा मी तिला तशी हसताना बघितलं. मोरीपासून नोटिशीपर्यंतचे सगळे अपमान मला त्या क्षणी परवडले.

पण त्यानं टोपावरची चादर निघाली नाही. दुसऱ्या दिवशी तिचं हसू मावळलं. कडू कळलं म्हणून काय झालं, म्हणाली. पेल एलमध्ये कडू हा नुसता उंबरा आहे, आत जायचं ते नाकानं.

मग हॉप्सची काढणी सुरू झाली. ज्यांनी आमचं खोरं मार्चमध्ये, म्हणजे इथल्या शरदात, बघितलं नाही त्यांना हे कसं सांगावं? उंच तारांवरचे वेल उतरवतात, फुलं भट्ट्यांमध्ये वाळायला टाकतात आणि सगळा आसमंत त्या वासानं भरून जातो. शाळेत, चर्चमध्ये, वाळत घातलेल्या चादरींत, पावात, सगळीकडे तो असतो. दरवर्षी पहिल्या दिवशी नोरीन गाडीच्या चारही काचा खाली करायची आणि लांबच्या रस्त्यानं घरी यायची. यंदा काचा बंद होत्या. मी शेजारी बसलो होतो. बागा ओलांडताना तिनं रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, "येतोय?"

"काय?"

"वास. भट्ट्या सुरू झाल्या असतील ना."

"थोडासा," मी म्हणालो. बंद काचांतूनही तो नुसता कोंदला होता.

"थोडासा म्हणजे कसा?"

"हॉप्ससारखा."

तिनं गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि सगळ्या काचा खाली केल्या. "अल्विन, मला खोटं नको सांगू. मी बापडी वासाशिवाय राहीन, पण तुझ्याकडे आहे तो तरी नीट घे. सांग मला. काय काय येतंय?"

माझी अवस्था तुम्ही समजून घ्या. आमच्या खात्यात वासांचे प्रकार मोजके: साबणी, चरबीचा, कुजका आणि ताबडतोब-गाडी-पाठवा. मी डोळे मिटले. "ओलं गवत," म्हणालो. "कापलेलं. आणि... संत्र्याची साल नखानं सोलल्यावर उडते ती. आणि..." पुढचं सांगायचा धीर होईना.

"आणि?"

"रागावू नकोस. मांजर. म्हणजे मांजरानं काहीतरी केलेलं."

"मांजर!" नोरीन स्टिअरिंगवर हात आपटून ओरडली. "शाब्बास! जरा लवकर काढलेत यंदा. मांजर कुठल्या बाजूनं येतंय? नदीच्या की डोंगराच्या?"

मी मान बाहेर काढून हुंगलं. "नदीच्या."

"मग डोंगराकडचे घेऊ," ती म्हणाली आणि गाडी सुरू केली.

त्या आठवड्यात जेवणाच्या टेबलावर हॉप्सच्या पुड्या मांडल्या गेल्या. समोर नोरीन, अलीकडे मी, मधे ब्रेडचा तुकडा, नाक बधिर झालं की हुंगायला. वीस वर्षं जे काम तिनं डोळे मिटून केलं ते आता माझ्या तोंडून काढून घ्यायचं होतं. तिच्या दुकानात गिऱ्हाइकांशी ती किती गोड बोलते, आणि माझ्याशी?

"पहिला."

"चांगला येतोय."

"चांगला हा वास नाही. कशाचा येतोय?"

"फळाचा."

"कुठल्या? गिळू नकोस शब्द."

मी पुन्हा हुंगलं. "पॅशनफ्रूट. आपल्या कुंपणावरचं. उन्हात पडून फुटलेलं, मुंग्या लागलेलं."

"मुंग्या लागलेलं की लागायच्या आधीचं?"

मी तिच्याकडे बघितलं. ती अगदी गंभीर होती. मी तिसऱ्यांदा हुंगलं आणि आश्चर्य म्हणजे मला कळलं. "आधीचं. सकाळी पडलंय, मुंग्यांना अजून पत्ता नाही."

तिनं डोळे मिटले. जणू ते फळ हातात घेऊन बघत होती. "हा घेऊ," म्हणाली. "दुसरा."

दुसरा मला माझ्या वडिलांच्या शेडमध्ये घेऊन गेला. ते ह्यूऑन पाइन या इथल्या लाकडाच्या होड्या बनवायचे. रंधा मारताना लाकडाची जी ताजी सालपटं निघतात, तो वास. नोरीन म्हणाली, "सासऱ्यांचा कोट. मला आठवतोय. हाही." तिसरा मी फार आवडीनं निवडून आणला होता. "कांदा," मला कबूल करावं लागलं. "टाकून दे," ती म्हणाली.

तिच्या कृतीत काही गूढ नव्हतं, पण ती समजायला मला माझ्या पाच पिशव्या उधळाव्या लागल्या होत्या. फिका माल्ट, त्यात जरासा गहू, म्हणजे फेस टिकतो, आणि रंगापुरता खमंग भाजलेला माल्ट. "माल्टनं खाली उभं राहायचं," ती म्हणाली, "बोलायचं ते हॉप्सनं." सुरुवातीला अगदी थोडे हॉप्स, कडवटपणापुरते. मग आग बंद. काढा जरा निवू द्यायचा आणि मग पॅशनफ्रूटवाले मूठमूठ, पाठोपाठ पाइनवाले. आणि बिअर आंबून शांत झाली की थंड असताना पुन्हा दोन्ही, उकळण्याचं नाव न काढता.

तिनं टोपावरची चादर स्वतः काढली. त्या दिवशी गॅरेजमध्ये आमचं भांडण झालं नाही असा एक क्षण गेला नाही. "आता ढवळ. अरे, होडी वल्हवतोयस का? हळू! नाक पुढं कर. हात नको, नाक. काय येतंय?" "सालपटं." "आणि फळ?" "मागं पडलंय." "मग अर्धी मूठ." मर्व्ह साखरेची पिशवी घेऊन दारात आला तेव्हा तिनं मागं न बघता नुसतं बोट दाखवलं. तो परत गेला. हॉप्सचा लगदा या वेळी मी परसात पुरला, आणि कुणीतरी नोंद घेतली असती तर बरं वाटलं असतं.

प्रवेशिका भरायला आम्ही प्रदर्शनाच्या सभागृहात गेलो. टेबलामागे ग्लेनिस. कुंपणाशी ती मला "अल्विन, तुझी पँट मागून फाटलीय" असं सांगणारी बाई, पण टेबलामागं बसली की तिला कुणी ओळखीचं राहत नाही.

"बनवणाऱ्याचं नाव सांगा."

"नोरीन हॅदर्ली," मी म्हणालो.

"अल्विन हॅदर्ली," नोरीन म्हणाली. "वास येत नाही तिनं पेल एलवर नाव घालू नये."

"दोन्ही लिही ना ग्लेनिस," मी म्हणालो.

"लिहा," तिनं मला सुधारलं. "आणि जागा एकाच नावाची आहे. ज्याचं नाव त्यानंच परीक्षकांपुढं उभं राहून सांगायचं, काय साधायचं होतं ते. हा आपला नियम." मग तिनं चष्मा वर केला. "हॉप्स हुंगले कुणी?"

"मी."

"काय, कधी, किती घालायचं ते कुणी ठरवलं?"

"हिनं."

"ढवळलं कुणी?"

"मी."

"आरडाओरडा कुणी केला? आम्हाला न्हाणीघरापर्यंत ऐकू येत होता."

"हिनं."

"मग नोरीन," ग्लेनिस म्हणाली आणि लिहून टाकलं. नोरीन काहीतरी बोलणार होती, पण ग्लेनिसनं "पुढचे!" अशी हाक दिली. मागं भोपळ्यांची रांग होती.

प्रदर्शनाच्या दिवशी सभागृहात एका बाजूला स्कोन्स, म्हणजे छोटे गोडसर पाव, एका बाजूला लोकरीचे मोजे, आणि मधल्या टेबलाशी तीन परीक्षक. नोरीनची पाळी आली. ती ताठ उभी राहिली, दुकानात उभी राहते तशी. "पॅशनफ्रूट," ती म्हणाली. "उन्हात पडून फुटलेलं, पण मुंग्या लागायच्या आधीचं. त्याच्या मागं होडी बांधणाऱ्याच्या शेडमधलं ताजं लाकूड. कडवटपणा दाराशी भेटतो आणि बाजूला होतो."

माझे शब्द होते ते, एक एक. तिच्या तोंडून ऐकताना असं वाटत होतं की तिनंच ते हुंगलेत. परीक्षकांतल्या थोराड बाईंनी ग्लास नाकाशी धरला, बराच वेळ. मग शेजाऱ्याकडे दिला. "आणि साधलंय असं वाटतं का तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"मला सांगता येणार नाही," नोरीन म्हणाली. "गेल्या हिवाळ्यापासून मला वास येत नाही. नाक माझ्या नवऱ्याचं आहे."

सगळ्यांनी वळून माझ्या नाकाकडे बघितलं. आयुष्यात त्याच्याकडे इतक्या आदरानं कुणी बघितलं नव्हतं. मी मान जरा उंच केली, आणि नेमकी तेव्हाच ग्लेनिस पुढे आली. तिनं बाटली उचलली, उजेडाकडे धरली, काचेवरून अंगठा फिरवला.

"यावर अक्षरं उठवलेली आहेत," ती म्हणाली. आमच्याकडे मात्र तिनं बघितलं नाही. "नियम आठवा. बाटली कोरी हवी. ही सरबताची बाटली आहे."

बाटल्यांचं खातं माझं. घासून, उकळून, उन्हात वाळवून मी त्या तयार केल्या होत्या. नियम मात्र वाचला नव्हता. मी, ज्यानं "निष्काळजी" या शब्दासाठी साहेबांशी भांडण काढलं होतं! आक्षेप घ्यायला तोंड उघडलं, पण ब्रायोनी मागच्या रांगेतून माझ्याकडेच बघत होती, तेव्हा मिटलं. "नियम बरोबर आहे," मी म्हणालो. नोरीनची पेल एल बाद झाली.

थोराड बाईंनी बाद झाल्याची नोंद केली, मग ती बाटली स्वतःकडे ओढून घेतली. स्पर्धा पुढं चालू राहिली, आणि थोड्या वेळानं बघतो तो बाटलीत तळालाही काही नव्हतं. "अजून आहे का हो घरी?" जाताना त्यांनी नोरीनला विचारलं. "नियमाबाहेरचं चालेल."

मर्व्हच्या डब्यातल्या बिअरला उत्तेजनार्थ फीत मिळाली. ती छातीला लावून तो आमच्याकडे आला. त्याला खरंच वाईट वाटत होतं. "जाऊ दे नोरीन. मग टोप कधी नेऊ? आज ट्रक आणलाय."

"कुठला टोप?"

"अगं, क्रेफिशचा."

"मर्व्ह," नोरीन म्हणाली, "तुझे क्रेफिश तू बादलीत उकळ. पुढच्या हंगामात मला डोंगराच्या वरच्या अंगाचे हॉप्स घेऊन बघायचेत, टोप लागेल." मर्व्ह माझ्याकडे वळला. मी खांदे उडवले. घरात असले निर्णय माझ्या खात्यात येत नाहीत.

संध्याकाळी आम्ही मागच्या पायरीवर बसलो. तिनं शीतकपाटातून एक बाटली आणली. प्रदर्शन होईपर्यंत तिनं मला एकही उघडू दिली नव्हती. आंबताना, भरताना मी दहा वेळा हुंगली होती, पण तयार बिअर मी अजून चाखलेली नव्हती. तिनं दोन ग्लासांत ओतली. फेस पांढरा, दाट, उभा राहिलेला. उन्हं कलली होती आणि कुणीतरी दूर पालापाचोळा जाळत होतं.

"हं," ती म्हणाली, "सांग."

मी ग्लास नाकाशी नेला. शब्द माझ्याकडे आता पुष्कळ होते. तिनंच शिकवले होते, एक एक दटावून काढून घेतले होते. फळ म्हणावं, तर ते फळाच्या पुढं गेलं होतं. लाकूड म्हणावं, तर... मी घोट घेतला. कडवटपणा आला, दारातून बाजूला झाला, आणि मग मला काही सुचेना. मी पुन्हा हुंगलं. पुन्हा घोट घेतला.

नोरीन वाट बघत होती. तिनं आपल्या ग्लासातून एक घोट घेतला, जिभेवर फिरवला, गिळला. तिला वास आला नव्हता. तिच्या चेहऱ्यावरून ते मला कळलं, आणि मला ते कळलेलं तिला कळलं.

"अल्विन?"

मी मान हलवली. ग्लास नाकापासून खाली येईना.

तिनं माझ्या नाकाशी धरलेला ग्लास बघितला. "बरं," म्हणाली. "म्हणजे चांगली झालीय." आणि माझ्या हातातला ग्लास काढून घेऊन त्यातली अर्धी तिनं आपल्या ग्लासात ओतून घेतली.